मधली सोळा पानं

माझ्या वडिलांनी सांगितलेल्या एका गोष्टीचा शेवट मी पंधरा वर्षं शोधत होते. शोधत होते म्हणजे अगदी हात धुऊन मागं लागले होते. गोष्ट पुस्तकातली होती, पुस्तक अमेरिकेतल्या एका काळ्या बाईनं स्वतःबद्दल लिहिलेलं होतं, कुणीतरी फार पूर्वी ते मराठीत आणलं होतं, आणि नेमकी त्या गोष्टीच्या शेवटाची पानं मधूनच गायब होती. आता याला काय म्हणावं!

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका छापखान्याच्या मागं त्यांची बाइंडिंगची खोली होती. वाचनालयांची फाटकीतुटकी पुस्तकं पोत्यातून यायची आणि नवी होऊन जायची. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, सुई, दोरा, पुठ्ठा, वरून रेक्झिन. मी शाळेत होते तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रविवारी विहारात वंदना झाली की आई आणि मी त्या खोलीत फर्मे मोडायला बसायचो. फर्मा म्हणजे छापून आलेला मोठा कागद. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. आमचे हात चालायचे आणि अप्पांचं तोंड.

अप्पांचा एक हट्ट होता. वाचल्याशिवाय पुस्तक शिवायचं नाही. "काय शिवतोय ते ठावं नको व्हय?" म्हणायचे. मग कामाला उशीर व्हायचा, वाचनालयाचा माणूस दारात येऊन बोंबलायचा, आणि अप्पा त्यालाच पुस्तकातलं काहीतरी सांगत बसायचे. दुसरा हट्ट त्याहून विचित्र. पुस्तकातली जेवढी पानं हरवलेली असतील तेवढी कोरी पानं ते मध्ये शिवायचे. असलं कोल्हापुरात कुणीच करत नसे. आई वैतागायची, कागद काय झाडाला लागतोय का म्हणायची. अप्पा म्हणायचे, "कुणाला घावली तर हातानं लिवून काढू दे की. जागा तर पायजे."

आमच्या घराला आणखी एक नियम होता, तो आधी सांगायला हवा. खाली ठेवलेली वस्तू उचलायची नाही. आमचं मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, नेसरीच्या पलीकडं. तिथं पूर्वी आमच्या लोकांना काहीही द्यायचं झालं, भाकरी म्हणा, कापड म्हणा, तर हातात देत नसत. विटाळ होतो म्हणून खाली ठेवायचे आणि मागं सरकायचे, मग आमच्या माणसानं ते वाकून घ्यायचं. छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, तेव्हा माझ्या आज्यानं सगळ्यांना दारात उभं करून सांगितलं, आजपासून खाली ठेवलेलं उचलायचं नाही, मग ते सोनं असलं तरी. शाहूपुरीत आम्हाला कोण काय खाली ठेवणार? पण नियम राहिलाच. दुकानदारानं काड्याची पेटी फळीवर ठेवली तर माझी आई ढिम्म हलायची नाही. "हातात द्या की ओ, मला हात हाईत," म्हणायची. आणि अप्पा कुणालाही पुस्तक द्यायचे ते दोन्ही हातांनी.

तर त्या पुस्तकातली गोष्ट. अप्पा ती अशी सांगायचे.

कापसाच्या मुलखातली एक काळी पोरगी. पाठांतरात तिचा शाळेत पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पुस्तक मिळणार होतं. त्या दिवशी तिच्या पायात कापल्या पिकाचं धसकट गेलेलं, टाचेला फडकं बांधून लंगडत ती शाळेत गेली. सगळ्या पोरांना बक्षीस हातात मिळालं. हिचं नाव आलं तसं हेडमास्तरांनी पुस्तक दगडी पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले. पोरगी तिथंच उभी. पुस्तकाकडं बघते, पण उचलत नाही. मास्तर थांबलेले, पोरं थांबलेली, आणि एवढ्यात गर्दीतून तिचा बारका भाऊ पळत आला, वाकला, पुस्तक उचललं, छातीशी धरलं आणि घराकडं पळत सुटला.

"मग? बहीण काय म्हणाली त्याला?"

"पुढची पानं न्हाईत."

दर वेळी हेच! मी घडी घालायची पट्टी आपटायचे. असं कसं न्हाईत? उंदरानं खाल्ली का? मला त्या भावाचा असा संताप यायचा म्हणून सांगू. एकदा मी म्हटलं, "हावरट मेला. मी असते तर थोबाड फोडलं असतं त्याचं."

"फोडाय पायजे हुतं," अप्पा म्हणाले आणि खळीचं भांडं ढवळत बसले.

त्या पोरीसाठी मात्र माझा जीव तुटायचा. न भेटलेल्या माणसाची आठवण येते का? मला यायची. ती आमच्या खोलीत माझ्याशेजारी फर्मे मोडायला बसलीय असं मी धरून चालायचे, तिला जागा ठेवायचे. अप्पांनी एकदा सांगितलं होतं, "ती आपल्यातलीच की गं. मुलूख लांब एवढंच." मी ते शब्दशः घेतलं. परदेशात कुणाकुणाचे नातेवाईक आहेत असं बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मी हात वर करून सांगून टाकलं, माझी आत्या असते अमेरिकेत, कापूस वेचते. आठवडाभर पोरींनी मला छळलं.

खरी आत्या होती ती गावात. आमच्या भागात आत्याला आत्ती म्हणतात, तिकडं कानडी फार लांब नाही. अप्पांची ही थोरली बहीण. ते तिला अक्का म्हणायचे. नवरा लवकर गेलेला, दोन म्हशी, दुसऱ्याच्या रानात रोजगार, आणि जीभ अशी की समोरच्यानं पळून जावं. डाव्या पायानं जरा लंगडायची. दरवर्षी जयंतीला आम्ही एसटीनं गडहिंग्लजला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं गावात जायचो. अप्पा तिच्यासाठी लुगडं न्यायचे. ती गोठ्यातूनच ओरडायची, "ठेव तितं." अप्पा ठेवायचे नाहीत. दोन्ही हातांवर लुगडं घेऊन उन्हात उभे राहायचे. मग कधीतरी ती बाहेर यायची, हात धुवायची, पदराला पुसायची आणि घ्यायची. एकमेकांशी बोलणं असं नाहीच. म्हशी बऱ्या हाईत का, व्हय, पोरगी शाळंला जाती का, व्हय. मला तिचा राग यायचा. एवढा माझा बाप उन्हात उभा आहे आणि हिचा ताठा बघा! खोटं कशाला सांगू, मला अमेरिकेतली आत्या हवी होती, नेसरीकडची नको होती.

कॉलेजात गेले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मराठी घेतलं होतं. अन्याय सोसलेल्या समाजांची चित्रं पुस्तकात कशी येतात, त्यातून माणूस स्वतःकडं कसा बघायला लागतो, असा काहीतरी विषय होता, आणि प्रत्येकानं एका पुस्तकावर बोलायचं होतं. मी हेच पुस्तक घेतलं, स्वतः कधी न वाचताच. बक्षिसाची गोष्ट मला तोंडपाठ होती, ती मी अशी सांगितली की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडायलाच लागली. "किती सोसलंय गं त्या लोकांनी," म्हणाली. पहिल्या आठवड्यात माझं आडनाव कळल्यावर हीच बया डबा उचलून पलीकडच्या बाकावर गेली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, मला त्याचीच जास्त चीड आली. सातासमुद्रापलीकडच्या पोरीसाठी रडणं सोपं असतं, तिच्याशेजारी बसून जेवायचं नसतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई गं, मी इथं आहे, तुझ्या मागच्या बाकावर. सांगितलं नाही. खाली बसले.

सरांनी शांतपणे विचारलं, "पान नंबर?"

ज्या वाचनालयासाठी अप्पांनी ते शिवलं होतं तिथं मी गेले. अप्पांच्या हातचं रेक्झिन लांबूनच ओळखलं. एकशे बारा पानावर त्या पोरीची आई दुसऱ्या दिवशीच्या बक्षीस समारंभासाठी पांढऱ्या झग्याला खळ घालते. मग सोळा कोरी पानं. आणि एकशे एकोणतीसवर पोरगी मोठी झालेली, लाँड्रीत राबतेय. पायरी नाही, धसकट नाही, काहीच नाही. बारका भाऊ पुस्तकात इकडंतिकडं होता, पण पुस्तक घेऊन पळणारा भाऊ कुठंच नव्हता.

तशीच तरातरा अप्पांकडं गेले. "अप्पा, ती गोष्ट यात नाहीच."

"हुती की," वर न बघता ते म्हणाले. "वाळवीनं चाळण केलती त्या पानांची. वाचाय आलं तेवढं वाचलं आणि काढून टाकली."

मी विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कुणावर? आणि मग माझा शोध सुरू झाला. जुन्या पुस्तकांची दुकानं, रद्दीवाले, विद्यापीठ. प्रकाशकाला पत्र टाकलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. पुढं गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवायला लागले तरी पिशवीत त्या पुस्तकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी असायचीच. सरांना पुरावा द्यायचा होता ही गोष्ट कधीच मागं पडली होती. मला त्या पोरीचं बोलणं ऐकायचं होतं. ती भावाला काय म्हणाली ते कळलं की मला आपल्याबद्दलच काहीतरी कळेल असं वाटायचं. असं का, ते विचारू नका.

अप्पा छातीच्या दुखण्यानं आजारी पडले. शेवटच्या दिवसांत मी सुट्टी काढून कोल्हापुरात होते. एका दुपारी त्यांना पेज भरवताना मी गमतीनं म्हटलं, "अप्पा, आता तुम्हीच सांगा. काय म्हणाली असेल ती?"

त्यांनी चमचा हातानं बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हटली असंल, तू आमच्यातला न्हाईस."

"एवढं? आणि मग बोललीच नाही त्याच्याशी?"

"बोलायची. पर तसं न्हाई."

तापात बडबडताहेत असं वाटून मी त्यांचं तोंड पुसलं. चारच दिवसांत ते गेले. आत्ती आली होती. कुणाशी न बोलता त्यांच्या पायापाशी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत गेली. मला तेव्हाही वाटलं, काय कठोर बाई आहे ही.

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजला गडहिंग्लजमधल्याच एका निवृत्त शिक्षकांनी आपली सगळी पुस्तकं देऊन टाकली. खोकी उघडायला मीच बसले होते. तिसऱ्या खोक्यात ते होतं. अख्खं. मी तिथंच फरशीवर बसून एकशे तेरावं पान उघडलं.

ती सोळा पानं आनंदाची होती. त्या सगळ्या दुःखाच्या पुस्तकातला तेवढा एकच सणासारखा दिवस. काळ्या लोकांची आपली स्वतःची छोटी शाळा, लाकडी सभागृह, बारका भाऊ तापानं घरी निजलेला. पोरीचं नाव पुकारतात, तिला स्टेजवर चढता येत नाही, गुडघे कापतात. मग तिची शिक्षिका, काळीच, स्वतः खाली उतरून येते आणि पुस्तक तिच्या हातात देते. टाळ्या. आई सगळ्यांदेखत मोठ्यानं हसते. मग जेवण, गाणी, पुन्हा जेवण. पायरीबियरी काही नाही.

अप्पांकडं ती पानं कधी नव्हतीच. बक्षीस समारंभ म्हटल्यावर पुढं काय झालं असेल याचा त्यांनी विचार केला आणि त्यांना एकच समारंभ माहीत होता. दुसरा घडू शकतो हे त्यांना सुचलंच नाही. मी एवढी शिकलेली, पण मलाही कुठं शंका आली? आपल्या माणसाच्या गोष्टीत पान हरवलं तर तिथं अपमानच असणार, हे मीही धरून चालले होते. आणि मग मला धसकट आठवलं. टाचेचं फडकं. डावा पाय. दोन्ही हातांवर लुगडं घेऊन उन्हात उभा राहिलेला माझा बाप. अगं आई गं! मी त्या भावाला हावरट म्हटलं होतं, त्याच्या तोंडावर.

येत्या रविवारची वाट बघणं शक्य नव्हतं. गावाकडची दुपारची गाडी धरली.

आत्ती सोप्यात चिंचा फोडत बसली होती. "कोण पावणं?" म्हणाली, आणि मग ओळखून, "तू व्हय. बस." मी बसले आणि दुसरं काही न बोलता ती गोष्ट सुरू केली, अगदी अप्पा सांगायचे तशी. भाऊ पळत आला म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"हे तुला कुणी सांगिटलं?"

"अप्पांनी. अमेरिकेतल्या एका काळ्या पोरीची म्हणून सांगायचे."

"अमेरिकेतल्या?" आत्ती ओरडलीच. "आणि मी काय मेलतो व्हय? माझी गोष्ट तिच्या नावावर घातली? सांगायची तर माझी म्हणून सांगायची की! लाज वाटत हुती काय त्येला माझी?" आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मेलतो, गेलतो.

"आत्ती, तू काय म्हणालीस त्यांना? घरी गेल्यावर?"

पंधरा वर्षांचा प्रश्न.

"काय म्हणणार? काय म्हटलो न्हाई." तिनं चिंचोका बाजूला टाकला. "सगळी उठून गेली की मी उचलणार हुतो ते. तसं ठरवूनच उभारलोतो. नंबर माझा, पुस्तक माझं, सोडून कशाला येतोय? बाचं बोलणं ऐकलं असतं की घरी गेल्यावर. पर मी वाकताना त्या लोकांनी बघायचं नव्हतं मला. तवर ह्यो पळत आला. सात वर्साचं पोरगं. बरं झालं की गं. माझ्या वाटचं त्यो वाकला."

मी ढसाढसा रडले. आत्ती बघत राहिली. तिला कळेना, यात रडायचं काय.

"हे त्यांना का नाही सांगितलंस? त्यांना वाटायचं तू त्यांना घरातला धरत नाहीस."

"त्यानं इचारलंच न्हाई. मला वाटलं इसरला. शाळा सुटली माझी ती ह्या पायामुळं, सुजून हे एवढा झालता. मग मागल्या दारात बसून त्यो ते पुस्तक वाचायचा. मला ऐकाय येईल एवढ्या मोठ्यानं, पर माझ्याकडं पाठ करून. मी म्हटलो, लाजतोय."

"आणि लुगडं? 'ठेव तितं' म्हणायचीस ते?"

"हात शेणाचं असायचं की माझं! शेणाच्या हातानं नवं लुगडं धरू व्हय?" मग तिचा आवाज खाली आला. "त्यो ठेवायचाच न्हाई. मी म्हणायचो, शहरात जाऊन लय नियमाचा झालाय."

दोघं जण आयुष्यभर एकमेकांसमोर उभे होते, हा हात पुढं करून आणि ती हात धुवायला गेलेली. कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं. मला वाटतं मी तरी जरा लवकर त्या पोरीऐवजी हिला विचारायला हवं होतं. ही काय अमेरिकेत नव्हती, कोल्हापुरातून दोन एसटी धरल्या की होती.

आत्तीनं चहा केला. कप माझ्या हातात देत म्हणाली, "तू लिवतीस न्हवं काय काय? मग हे लिव. नाव घालू नको. नाव घातलं की लोकं आडनाव इचारत्यात. नेसरीकडची हाय एवढं घाल, बास."

मग तिचं लक्ष माझ्या पिशवीतल्या पुस्तकाकडं गेलं. "त्या पोरीचं काय झालं मग? खरं?"

मी एकशे तेरा पानापासून वाचायला लागले. आत्ती चिंचा बाजूला सारून ऐकत होती. पोरीचं नाव पुकारलं, गुडघे कापले, शिक्षिका खाली उतरली. तिनं मध्येच माझ्या मनगटाला धरलं.

"हातात दिलं?"

"हो, हातात."

"गोऱ्या बाईनं?"

"नाही गं. त्यांच्यातल्याच बाईनं."

तिनं जरा विचार केला. "असंना का. हातात दिलं न्हवं?"

"दिलं."

"परत वाच तेवढं," आत्ती म्हणाली. मी पान मागं उलटलं.